शून्य आले म्हणजे फाइल पोचली असे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: रोज रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या सोयीतून) चालणारी एक शेल स्क्रिप्ट एफटीपी या फाइल पाठवण्याच्या जुन्या प्रोटोकॉलने दुसऱ्या सर्व्हरवर फाइल पाठवते, पुढच्याच ओळीत ‘$?’ तपासते आणि तिथे शून्य नसेल तर ई-मेल करते. ई-मेल कधीच आला नाही. मात्र दोन रात्रींच्या फाइली पलीकडे पोचल्याच नव्हत्या, हे बऱ्याच उशिरा उघडकीस आले. त्या दोन्ही रात्री एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना मागे ठेवते तो आकडा, शून्यच होता, आणि शून्य म्हणजे यश असा संकेत आहे. मग फसलेले हस्तांतरण स्क्रिप्टने ओळखायचे कसे?

तुमची तपासणीची ओळ चुकलेली नाही. ती ज्याला प्रश्न विचारते आहे त्याला उत्तर ठाऊक नाही, एवढेच. ‘$?’ मध्ये नुकत्याच संपलेल्या कमांडचा एक्झिट कोड असतो, आणि तो कोणता द्यायचा हे सर्वस्वी त्या प्रोग्रॅमच्या हाती असते. पारंपरिक एफटीपी क्लायंट हा मुळात माणसाने समोर बसून वापरण्यासाठी लिहिलेला आहे. सर्व्हरने नकार दिला की तो पडद्यावर छापायचा आणि पुढच्या आज्ञेची वाट पाहायची, एवढेच त्याचे काम. पुढे काय करायचे ते वाचणारा माणूस ठरवणार. हिअर-डॉक्युमेंटमधून, म्हणजे स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवलेल्या ओळींतून, आज्ञा पुरवल्या की तो माणूस नाहीसा होतो, पण क्लायंटचे वागणे बदलत नाही. पासवर्ड चुकला तर तो ५३० छापतो आणि पुढची ओळ वाचतो. ‘पुट’ (फाइल चढवण्याची आज्ञा) नाकारले गेले तर ५५० किंवा ५५३ छापतो आणि पुन्हा पुढची ओळ वाचतो. जोडणीच झाली नसेल तर प्रत्येक आज्ञेला ‘जोडणी नाही’ असे सांगत तो ‘बाय’पर्यंत पोचतो आणि शून्य देऊन बाहेर पडतो. त्या शून्याचा अर्थ ‘मला दिलेल्या सगळ्या ओळी मी वाचल्या’ इतकाच आहे.

म्हणून दोन प्रश्न कायम वेगळे ठेवावेत: प्रोग्रॅम नीट संपला का, आणि फाइल पूर्ण व जशीच्या तशी पलीकडे पोचली का. एक्झिट कोड फार तर पहिल्याचे उत्तर देतो. दुसऱ्याचे उत्तर स्क्रिप्टला स्वतः मिळवावे लागते, आणि शक्यतो जिथे फाइल पोचायची आहे तिथूनच.

हाच क्लायंट वापरणे भाग असेल, तर त्याने छापलेला मजकूर वाचण्यावाचून गत्यंतर नाही. एफटीपीची उत्तरे तीन अंकी असतात आणि त्यांचा अर्थ १९८५ च्या आरएफसी ९५९ या इंटरनेटच्या नियमपत्रात ठरवून दिलेला आहे. पहिला अंक २ असेल तर काम झाले, ४ असेल तर तात्पुरती अडचण, ५ असेल तर ठाम नकार. हस्तांतरण पूर्ण झाल्याचे नेहमीचे उत्तर २२६ असते. नियमानुसार २५० हेही चालते. ४२५ म्हणजे डेटा जोडणी (आज्ञांच्या जोडणीहून वेगळी, फाइल वाहून नेणारी जोडणी) उघडता आली नाही, ४२६ म्हणजे ती मध्येच तुटली, आणि ४५२ व ५५२ ही दोन्ही साठवणुकीची जागा कमी पडल्याची उत्तरे आहेत. क्लायंटला ‘-व्ही’ हा पर्याय आवर्जून द्यावा, कारण आज्ञा टर्मिनलवरून येत नसतील तर तो एरवी सर्व्हरची उत्तरे छापतच नाही. सर्व मजकूर, त्रुटींच्या प्रवाहासह, एका लॉग फाइलमध्ये घ्यावा आणि मग ‘ग्रेप’ या मजकूर शोधणाऱ्या कमांडने त्यात २२६ शोधावे.

पण इथे एक गंमतीशीर सापळा आहे. ‘ग्रेप’ने नुसते २२६ शोधले, तर तो आकडा फाइलच्या नावातही सापडेल. ओळीच्या सुरुवातीलाच २२६ हवे अशी अट घातली तरीही प्रश्न सुटत नाही, कारण हस्तांतरणानंतर क्लायंट स्वतः एक ओळ छापतो, जी पाठवलेल्या बाइट्सच्या संख्येने सुरू होते. नकाराचे आकडेही असेच शोधत असाल आणि पाठवलेली फाइल नेमकी ५५० बाइट्सची निघाली, तर काहीही बिघडलेले नसताना रात्री तीन वाजता कुणाला तरी उठवले जाईल. त्यामुळे आकड्याच्या पुढे ‘बाइट्स’ हा शब्द नाही ना, हेही पाहावे. शिवाय ‘डीआयआर’ किंवा ‘एलएस’ या आज्ञांचे उत्तरही डेटा जोडणीवरूनच येते आणि तेही २२६ नेच संपते. पाच फाइली पाठवल्या असतील तर पाच २२६ मोजा, आणि त्या सत्रात यादी मागवू नका.

हे सारे नीट केले तरी एक भेग उरते, आणि ती प्रोटोकॉलच्या रचनेतच आहे. एफटीपीच्या नेहमीच्या स्ट्रीम पद्धतीत ‘फाइल संपली’ हे सांगण्यासाठी वेगळी खूण नसते; डेटा जोडणी बंद होणे हीच खूण. पाठवणारा क्लायंट निम्म्यावर मारला गेला, तर ऑपरेटिंग सिस्टीम त्याची जोडणी शिस्तीत बंद करते आणि घेणाऱ्या सर्व्हरच्या दृष्टीने फाइल व्यवस्थित संपलेली असते. अर्धी फाइल पूर्ण नावाने तिथे बसते आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये तक्रारीचा शब्दही नसतो. म्हणून सर्व्हरच्या चालकाने ‘आमच्याकडे तर सगळे ठीक दिसते आहे’ असे सांगितले, तर तो खोटे बोलत नसतो.

त्यामुळे माझा पहिला सल्ला असा की, पलीकडे एफटीपीच असले तरी आपल्या बाजूचा क्लायंट बदलावा. ‘कर्ल’ हा फाइली चढवणारा-उतरवणारा प्रोग्रॅम एफटीपीवर फाइल चढवू शकतो आणि त्याचे एक्झिट कोड बोलके आहेत: ६ म्हणजे सर्व्हरचे नाव सापडले नाही, ७ म्हणजे जोडणी झाली नाही, १८ म्हणजे फाइल अर्धवट राहिली, २५ म्हणजे चढवणे सुरूच होऊ शकले नाही, २८ म्हणजे वेळ संपली, ६७ म्हणजे लॉगिन नाकारले गेले. ‘एलएफटीपी’ हा दुसरा क्लायंट पसंत असेल तर त्यात ‘सीएमडी:फेल-एक्झिट’ ही सेटिंग चालू करावी, म्हणजे एखादी आज्ञा फसताच तो थांबतो. दोन्ही बाजू तुमच्या ताब्यात असतील, तर मात्र एसएफटीपी (सांकेतिक जोडणीवरून फाइली पाठवणारे साधन) किंवा ‘आरसिंक’ (दोन ठिकाणच्या फाइली सारख्या ठेवणारे साधन) यांच्याकडे वळणेच शहाणपणाचे, एफटीपीत पासवर्ड उघडा जातो हे कारण तर आहेच.

साधन बदलले म्हणजे सुटलो, असे मात्र समजू नये. ‘एसएफटीपी’लाही हिअर-डॉक्युमेंटमधून आज्ञा दिल्या, तर तो जुन्या एफटीपीसारखाच वागतो: एक आज्ञा फसली तरी पुढची चालवतो आणि शेवटी शून्य देतो. त्याला ‘-बी’ पर्यायाने आज्ञांची फाइल दिली, तरच तो पहिल्या अपयशाला थांबून शून्येतर कोड देतो. ज्या आज्ञेचे अपयश चालण्यासारखे आहे, उदाहरणार्थ आधीच असलेली डिरेक्टरी बनवणे, तिच्या आधी आडवी रेघ द्यावी. मग तेवढे अपयश तो पोटात घालतो. ‘-बी’ असताना पासवर्ड विचारला जात नाही, त्यामुळे किल्लीने प्रवेशाची व्यवस्था आधी करावी लागते. मी स्वतः पाहिलेल्या एका स्क्रिप्टमध्ये एफटीपीचा शब्द पुसून एसएफटीपी लिहिले होते, बाकीचे सगळे तसेच ठेवले होते, आणि आता आपण सुरक्षित झालो या समजुतीत ती कित्येक महिने चालू होती. एके दिवशी पलीकडची डिस्क भरली. स्क्रिप्ट ‘पाठवले’ असे समजून मूळ फाइली रोज पुसत राहिली.

‘एससीपी’ (एसएसएच या सांकेतिक जोडणीवरून फाइलची प्रत करणारी कमांड) कोडाबाबत प्रामाणिक आहे, पण मध्येच तुटला तर अर्धी फाइल पूर्ण नावाने मागे ठेवून जातो. ‘एसएसएच’मधून पलीकडे कमांड चालवली तर त्या कमांडचाच कोड परत येतो, २५५ आला तर सहसा जोडणीच फसलेली असते. ‘कर्ल’ने एचटीटीपीवरून फाइल उतरवताना ‘--फेल’ हा पर्याय नसेल, तर ४०४ (‘सापडले नाही’) या उत्तरासोबत आलेले त्रुटीचे पान निमूटपणे तुमच्या फाइलच्या नावाने जतन होते आणि कोड शून्य येतो. पर्याय असेल तर २२ येतो. ‘डब्ल्यूगेट’ हा फाइली उतरवणारा दुसरा प्रोग्रॅम अशा वेळी आपणहून ८ देतो.

‘आरसिंक’बद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण त्याच्या कोडांत तरतम भाव आहे. १२ म्हणजे प्रवाह बिघडला, ३० म्हणजे देवाणघेवाणीत वेळ संपली. ही सरळ अपयशे. २३ म्हणजे काही गेले, काही त्रुटीमुळे राहिले. आणि २४ म्हणजे यादी करताना ज्या फाइली होत्या, त्या पाठवायच्या वेळेपर्यंत मूळ जागेवरून नाहीशा झाल्या. जिथे तात्पुरत्या फाइली सतत येतात-जातात अशा डिरेक्टरीत २४ ही रोजचीच गोष्ट असते आणि तिच्यासाठी कुणाला जागे करणे अन्याय्य आहे. पण ठरावीक फाइलच पाठवायची असेल, तर तोच २४ गंभीर ठरतो. याचा निवाडा स्क्रिप्टमध्ये ‘केस’ रचनेने स्पष्ट लिहावा. शून्य नसेल ते सगळे सारखेच मानले, तर आठवड्याभरात लोक ते ई-मेल न वाचता पुसू लागतात.

आता शेलकडे वळतो, कारण साधनाने खरा कोड दिला तरी तो वाटेत हरवण्याच्या जागा पुष्कळ आहेत. सर्वांत नेहमीची जागा म्हणजे पाइप, म्हणजे एका कमांडचा मजकूर दुसरीकडे वळवणे. लॉग पडद्यावरही दिसावा म्हणून हस्तांतरणाची कमांड ‘टी’कडे (मजकूर पडद्यावर आणि फाइलमध्येही लिहिणाऱ्या कमांडकडे) वळवली, की ‘$?’ मध्ये ‘टी’चा कोड येतो, आणि ‘टी’ बहुधा यशस्वीच होतो. बॅशमध्ये ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहावे किंवा ‘पाइपस्टेटस’ या ॲरेमधला पहिला घटक पाहावा. दुसरी जागा म्हणजे मधली ओळ: कमांडनंतर ‘इको’ने वेळ छापली आणि मग ‘$?’ पाहिले, तर तो ‘इको’चा कोड असतो. म्हणून कमांडच्या लगेच पुढच्या ओळीत तो एका व्हेरिएबलमध्ये उचलून ठेवण्याची सवय लावावी. तिसरी जागा फारशी कुणाच्या लक्षात येत नाही: फंक्शनमध्ये ‘लोकल’ने व्हेरिएबल जाहीर करतानाच त्यात कमांडचे उत्तर भरले, तर मिळणारा कोड ‘लोकल’चा असतो, आतल्या कमांडचा नव्हे. जाहीर करणे आणि भरणे या दोन ओळी कराव्यात.

‘सेट -ई’वर (कमांड फसताच स्क्रिप्ट थांबवणाऱ्या सेटिंगवर) भिस्त ठेवणाऱ्यांना मी नेहमी सावध करतो. ‘इफ’च्या अटीत, किंवा ‘&&’ आणि ‘||’ च्या डावीकडे असलेल्या कमांडला तो लागू होत नाही; इतकेच नव्हे, तर तिथे फंक्शन बोलावले तर त्या फंक्शनच्या आतही तो निष्प्रभ होतो. हस्तांतरणाच्या फंक्शनला कुणी नंतर ‘इफ’मध्ये गुंडाळले, की आतले सारे संरक्षण गळून पडते आणि फंक्शनमधले एक अक्षरही बदललेले नसते. तो वापरावा, पण हस्तांतरणाची तपासणी स्वतंत्रपणे लिहावी.

इतके झाल्यावर खरा मुद्दा येतो: पोचलेल्या फाइलची पडताळणी. सर्वांत स्वस्त तपासणी आकाराची. आपल्या बाजूला ‘डब्ल्यूसी -सी’ने बाइट्स मोजावेत आणि पलीकडचा आकार विचारावा, एफटीपीत ‘साइझ’ या आज्ञेला २१३ या कोडासोबत आकडा मिळतो, मात्र तो विचारण्यापूर्वी बायनरी पद्धत चालू करावी. एफटीपीची मूळ पद्धत आस्की आहे आणि तिच्यात ओळींच्या शेवटच्या खुणा वाटेत बदलल्या जातात. त्यामुळे मजकुराच्या फाइलचा आकार बदलू शकतो, आणि झिप किंवा चित्राची फाइल यशस्वी २२६ सह पूर्णपणे नासते. आकार जुळल्याने फाइल तुटलेली नाही हे कळते. आतला मजकूर तोच आहे हे कळत नाही. त्यासाठी चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, हवा. पलीकडे एसएसएचने कमांड चालवता येत असेल, तर ‘एसएचए२५६सम’ची फाइल सोबत पाठवून तिथेच ‘-सी’ पर्यायाने तपासावी. न जुळल्यास तीच कमांड शून्येतर कोड देते आणि तो एसएसएचमधून सरळ तुमच्याकडे येतो. कमांड चालवण्याची मुभा नसेल, तर फाइल जीझिप करून पाठवावी. तिच्या शेवटी सीआरसी (एक प्रकारचा चेकसम) आणि मूळ आकाराची नोंद असते, त्यामुळे घेणाऱ्याला ‘जीझिप -टी’ने ती तपासता येते.

रिकाम्या फाइलचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. डेटाबेसमधून फाइल तयार करणारी आधीची पायरी फसली, की शून्य बाइट्सची फाइल तयार होते, ती निर्दोषपणे पाठवली जाते, दोन्हीकडचे आकार जुळतात आणि चेकसमही जुळतो. हस्तांतरणाच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते. पाठवण्यापूर्वी ‘टेस्ट -एस’ (फाइल रिकामी नाही ना, हे पाहणारी तपासणी) लावावा, आणि फाइलचा आराखडा ठरवणे तुमच्या हातात असेल, तर शेवटच्या ओळीत नोंदींची संख्या लिहावी. मोजणी चुकली, की फाइल पाठवायचीच नाही.

अर्धी फाइल पूर्ण नावाने पलीकडे दिसणे हा सर्वांत घातक प्रकार, कारण घेणारी स्क्रिप्ट ती लगेच उचलते. यावर जुना आणि उत्तम उपाय म्हणजे फाइल आधी ‘.टीएमपी’ अशा तात्पुरत्या नावाने पाठवावी, पडताळणी करावी आणि मगच नाव बदलावे. एकाच फाइल सिस्टीमवर नाव बदलण्याची क्रिया अखंड असते. पाहणाऱ्याला फाइल एक तर दिसत नाही किंवा पूर्ण दिसते. ‘आरसिंक’ हे आपणहून करतो, ‘--इनप्लेस’ दिले नसेल तर. ‘एसएफटीपी -बी’मध्ये ‘पुट’ आणि ‘रीनेम’ एकापाठोपाठ लिहिले तरी चालते, कारण ‘पुट’ फसले तर ‘रीनेम’पर्यंत तो जातच नाही. जुन्या एफटीपी क्लायंटमध्ये मात्र हे एकाच हिअर-डॉक्युमेंटमध्ये लिहू नये: ‘पुट’ निम्म्यावर तुटले तरी क्लायंट पुढची ओळ वाचतो आणि अर्ध्या फाइललाच अंतिम नाव बहाल करतो. तिथे दोन सत्रे करावीत. पहिल्यात फाइल पाठवावी, लॉग व आकार तपासावा आणि सारे जुळले तरच दुसऱ्या सत्रात नाव बदलावे. त्या नावाची जुनी फाइल असेल तर काही सर्व्हर नाव बदलण्यास नकार देतात, म्हणून नावात तारीख व वेळ असणे सोयीचे.

आतापर्यंत मी यश आणि अपयश असे दोनच निकाल गृहीत धरले, पण व्यवहारात तिसराही असतो: कळले नाही. मोठी फाइल तासभर जात असते, तेवढा वेळ एफटीपीची नियंत्रण जोडणी (आज्ञा आणि उत्तरे नेणारी) निष्क्रिय पडून राहते, मधली एखादी फायरवॉल तिला मृत समजून विसरून जाते. डेटा पूर्ण पोचतो, पण २२६ परत येत नाही आणि क्लायंट अनंतकाळ थांबून राहतो. अशा वेळी ‘फसले’ म्हणणेही चूक आणि ‘झाले’ म्हणणेही चूक. म्हणून हस्तांतरणाची कमांड ‘टाइमआउट’ने बांधावी; वेळ संपली की तो १२४ देतो. मग निकाल ‘अज्ञात’ धरून पलीकडचा आकार विचारावा आणि त्यावरून ठरवावे. पुन्हा पाठवायचे ठरले, तर त्याच तात्पुरत्या नावावर पाठवावे, म्हणजे एकाच फाइलच्या दोन प्रती होऊन तीच नोंद दोनदा जमा होणार नाही. ४ ने सुरू होणाऱ्या उत्तरांवर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करणे योग्य. ५३० वर पुन्हा पुन्हा प्रयत्न केले, तर खाते कुलूपबंद होण्याचीच शक्यता अधिक. आणि रात्रीची स्क्रिप्ट अडकून पडली असताना दुसऱ्या रात्रीची सुरू होऊ नये यासाठी ‘एफलॉक -एन’ हे कुलूप लावावे.

क्रॉनविषयी दोनच गोष्टी. त्याचा ‘पाथ’ (कमांड कुठे शोधायच्या त्या डिरेक्टरींची यादी) तोकडा असतो, त्यामुळे हाताने चालवताना सापडणारी कमांड तिथे सापडत नाही आणि १२७ येतो. कमांडचे पूर्ण पत्ते लिहावेत. दुसरे असे की नेहमीचा क्रॉन स्क्रिप्टच्या एक्झिट कोडकडे पाहून तुम्हाला काही कळवत नाही. तो केवळ छापलेला मजकूर ई-मेलने पाठवतो. शिवाय यंत्रच बंद होते, क्रॉनटॅब (क्रॉनच्या कामांची यादी) चुकून पुसला गेला किंवा ई-मेल पाठवण्याची सोयच बंद पडली, तर अपयश कळवणारी स्क्रिप्ट काहीच कळवू शकत नाही. म्हणून यशाची नोंद ठेवावी: सर्व पडताळणी झाल्यावर स्क्रिप्टने शेवटी एका खुणेच्या फाइलला ‘टच’ करावे, म्हणजे तिची वेळ ताजी करावी, आणि वेगळ्या यंत्रावरच्या तपासनिसाने ती खूण २५ तासांपेक्षा जुनी झाली की आरडाओरडा करावा. घेणाऱ्या बाजूनेही ‘आज अमुक वेळेपर्यंत फाइल आली नाही’ हे स्वतःच कळवावे, अशी व्यवस्था करता आली तर त्याहून बरे.

हे सगळे लिहून झाले, की तपासणी खरोखर काम करते का ते पाहण्यासाठी अपयश मुद्दाम घडवावे. चुकीचा पासवर्ड देऊन पाहा. पलीकडच्या डिरेक्टरीची लिहिण्याची परवानगी काढून पाहा. अस्तित्वात नसलेल्या सर्व्हरचे नाव देऊन पाहा. शून्य बाइट्सची फाइल ठेवून पाहा. आणि मोठी फाइल जात असताना दुसऱ्या टर्मिनलवरून क्लायंटला ‘किल -९’ करून, म्हणजे जबरदस्तीने बंद पाडून, पाहा. प्रत्येक वेळी ई-मेल यायला हवा, खुणेच्या फाइलची वेळ बदललेली नसावी आणि मूळ फाइल आपल्या जागी शाबूत असावी. शेवटच्या प्रयोगानंतर पलीकडे ‘.टीएमपी’ नावाची अर्धी फाइल दिसली आणि अंतिम नावाची फाइल दिसली नाही, तर स्क्रिप्ट क्रॉनमध्ये टाकायला हरकत नाही.